काशीत सोडलेली साखर

सोमवार, ३ नोव्हेंबर

या वहीत डॉक्टरीणबाईंनी चार रकाने आखून दिले: तारीख, वेळ, काय खाल्लं, शुगर किती. पाचवा मी आखला: आणखी काय. तो पहिल्याच दिवशी कमी पडला, म्हणून आता पानभर लिहितो. बाईंना वाचायचं असलं तर वाचतील.

मी भागवत आचारी, मुक्काम मंठा, वय एकसष्ट. तालुक्यात लग्न असलं आन बुंदी माझ्या हातची नसली तर व्याही फुगून बसतात, असा पस्तीस वर्षांचा लौकिक हाय. शुगर बारा वर्षांपासून, इंजेक्शन चार वर्षांपासून. सकाळी बराबर सातला टोचून घेतो आन कामाला लागतो.

आज जालन्याला डॉक्टर राजनंदिनीबाईंनी माझ्या दंडाला एक गोल बटण चिटकवलं. सेन्सर म्हणतात त्याला. शुगरचा आकडा दिवसभर मोबाईलवर येत राहतो, शेजारी एक बाण असतो, वर न्हाईतर खाली. आमची साधना पुण्याला असते, तिच्या मोबाईलवर बी तोच आकडा जातो. म्हणजे बापाच्या रक्तात काय चाललंय ते पोरीला पुण्यात कळणार. काय जमाना आलाय!

काहून लावलं ते लिहितो. मागच्या महिन्यात तीर्थपुरीला साखरपुड्याच्या कामावर मी म्हणे शिऱ्यात मीठ टाकलं, नवरदेवाच्या बापाला "तू कोण रे?" म्हणून दरडावलं आन मंग कांद्याच्या पोत्यावर जाऊन बसलो. मला यातलं काहीच आठवत न्हाई, म्हणून मी ते मान्य करत न्हाई. भट्टीची गरमी व्हती, इतकंच. बाई म्हणतात, शुगर पडली. मी म्हणलं, "बाई, शुगरवाल्याची शुगर चढते. पडंल कशी? आन मी तर गोडाचा कण बी खात न्हाई."

"कामावर असताना जेवता कधी?"

"पहिली पंगत उठल्यावर. दीड-दोन वाजतात."

"आणि इंजेक्शन सातला?"

"एक मिनिट इकडंतिकडं न्हाई."

बाईंनी कपाळाला हात लावला. आता त्यांना काय सांगू! माझे उस्ताद कचरू महाराज. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं व्हतं की पंगत उठल्याशिवाय आचाऱ्यानं अन्नाला तोंड लावायचं न्हाई. ते मी पस्तीस वर्षं पाळलंय.

खरी गोम पुढंच हाय. चार डिसेंबरला हीरालालशेठच्या नातीचं, नेहलचं, लग्न हाय. शेठचं आमच्याच गल्लीच्या तोंडाला किराणा दुकान. आमची दोस्ती चाळीस वर्षांची. नेहलच्या जन्माची बुंदी मी केल्ती, लग्नाची दुसऱ्यानं केली तर मी मंठ्यात तोंड कसं दाखवू? आन बाई म्हणतात, असा प्रकार अजून एकदा झाला तर कढईसमोर उभं राहायचं न्हाई, उकळतं तूप असतं. माझी बायको दैवशाला शेजारीच बसल्ती. ती लगेच म्हणली, "बराबर हाय." पस्तीस वर्षांत इतक्या जल्दी ती कशालाच हो म्हणली न्हाई.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आकडे एकदम झकास! मंगळवारी दुपारी ८२. काल ७४. आज सकाळी अकराला ६८, आन शेजारी बाण खाली. आधीच्या डॉक्टरांकडं मी कधी दोनशेच्या खाली आलो न्हाई. बारा वर्षं नापास झालेला माणूस आता वर्गात पहिला यायला लागला.

मोबाईलनं ६८ ला एवढी बोंब मारली की गल्लीतली कुत्री उठली. मला वाटतं शाबासकी देऊन राह्यला. शेठला दुकानात जाऊन आकडा दाखवला. त्याची शुगर एकशे साठ हाय. मी म्हणलं, शेठ, शिका जरा. तो चष्मा वर करून माझ्याकडंच बघत बसला. "भागवत, तुझे हात का थरथरतायत?" म्हणला. दुसऱ्याचं चांगलं बघवत न्हाई काही लोकांना.

घरी आल्यावर दैवशालावर उगाचंच वरडलो, तिनं भाकरी उशिरा टाकली म्हणून. जेवल्यावर राग उतरला. ती बी आता म्हातारी झाली. चहा बी बिनसाखरेचा पिते आजकाल, तिला चवच राह्यली न्हाई.

रविवार, ९ नोव्हेंबर

साधनाचा फोन. आवाज असा की शाळेतली बाई बोलते.

"अण्णा, काल एकसष्ट होतं. तुम्ही काय करत होता?"

"आनंद."

मंग तिनं पंधरा मिनिटं झाडलं. सत्तरच्या खाली म्हणजे पहिला नंबर न्हाई, धोका हाय म्हणे. मेंदूला साखर लागते, ती मिळाली न्हाई की माणूस घामानं भिजतो, थरथरतो, चिडतो, बरळतो, आन शेवटी पडतो. सत्तरच्या खाली गेलं की जल्दी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, मंग जेवायचं.

"साखर मी सोडलीय," मी म्हणलं.

"मला माहितीय अण्णा. पण हे औषध आहे."

तिला माहिती हाय, पण वहीला न्हाई, म्हणून लिहितो. माघात आम्ही गल्लीतले चौदा जण काशीला गेल्तो. काशीत एक वस्तू सोडावी लागते, जन्मभरासाठी. लोक लई हुशार. कुणी कारलं सोडलं, कुणी दोडका. आमच्या रामकिसननं तर हिरवी फुलकोबी सोडली, ती त्यानं जालन्याच्या मॉलमध्ये लांबून बघितल्ती फक्त. मला चीड आली. मी गंगेत कमरेइतका उभा राह्यलो आन म्हणलं, "आजपासून गोड सोडलं!"  बुंदी करणारानं गोड सोडलं! भटजी बी दोनदा विचारून राह्यले, नक्की का म्हणून. दैवशाला माझ्या मागं पाण्यात उभी व्हती, ती काय पुटपुटली मला ऐकू आलं न्हाई. शिव्याच असतील.

तेव्हापासून पाक सुद्धा जिभेवर घेतला न्हाई. दोन बोटांत धरतो, तार बघतो, झालं. आता तीन चमचे साखर पिऊन नरकात जाऊ का? पोरीला म्हणलं, बघतो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी ११. घरीच. नेहलच्या लग्नाची यादी काढून राह्यलो. नाष्टा राह्यला यादीच्या नादात.

बेसन ६० किलो
साखर ९०
तूप
वेलची
बेसन ६० किलो
झारे दोन, मोठा झारा
बेसन
बेसन झारा

घाम लई येऊन राह्यला. पंखा लाव म्हणलं तर ती म्हणते चालूच हाय. खोटं बोलते. कुणीतरी यादी चुकीची लिहून ठेवली. मोबाईल वरडून राह्यला त्याला बी बेसन

त्याच दिवशी, दुपारी ३

वरची यादी माझ्याच अक्षरात हाय, पण मी लिहिलेली मला आठवत न्हाई. दैवशाला म्हणते मोबाईलवर ५४ व्हतं. तिनं साखरेचं पाणी पुढं केलं, मी म्हणे ग्लास भिंतीवर मारला आन "काशी!" म्हणून वरडलो. मंग तिनं भाकरी आन शेंगदाण्याची चटणी तोंडात कोंबली. आकडा वर यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ ती माझा हात धरून बसल्ती म्हणे. भिंतीवर डाग हाय, म्हणजे मारला असंल.

उद्यापासून यादी जेवल्यावर लिहायची.

शनिवार, १५ नोव्हेंबर

एक युक्ती केली. सेन्सरचा मोबाईल जवळ असला तरच आकडा पुण्याला जातो. म्हणून आज सकाळी मोबाईल बेसनाच्या डब्यात ठेवला आन बाजारात गेलो. डोक्याला शांतता! दोन तासांनी घरी आलो तर दैवशाला दारातच उभी, चेहरा पांढरा. साधनानं तिला अकरा फोन केल्ते. "अण्णांचा आकडाच बंद झालाय" म्हणून पोरगी पुण्यात रडून राह्यल्ती.

असं व्हईल हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. मला लई वंगाळ वाटलं. पोरीला फोन करून म्हणलं, "बाई, मी जिता हाय, मोबाईल बेसनात व्हता." ती रडता रडता हसली. मंग पुन्हा झाडलं.

दैवशाला सुईदोरा घेऊन बसली. जुन्या खणाच्या तुकड्याची पिशवी शिवली, गोंडे लावले, मोबाईल तिच्यात घातला आन माझ्या गळ्यात अडकवली. आरशात बघितलं. पोतराज बरा. गल्लीतून जाताना पोरं मागं लागली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

शेठच्या दुकानात बसून "गोड म्हणजे काय" यावर चर्चा. केळं गोड का? दूध? गाजर? मी म्हणलं, गोड म्हणजे जे मुद्दाम गोड म्हणून खातात ते. शेठ म्हणला, मग तू साखर मुद्दाम गोड म्हणून खाऊ नको, घाबरून खा. हसता हसता त्याचा चष्मा पडला.

मंग शेठ जरा गंभीर झाला. हे जैन लोक, नेमाचे लई पक्के. बसंतीभाभी, म्हणजे शेठाणी, आठ-आठ दिवस पाण्यावर उपवास करतात. शेठ म्हणला, "अरे भागवत, आमच्यात उपवासाचं पच्चक्खाण, म्हणजे संकल्प, घेतात ना, त्यातच आगार बोलतात. आगार म्हणजे सूट. तब्येत बिघडली, औषध घ्यावं लागलं, तर नेम मोडत नाही. ते आधीच बोलून ठेवलेलं असतं. ज्यांनी नेम बनवले त्यांना माणूस माहिती होता."

मी म्हणलं, "तुम्ही वाणी लोक, देवासंगं बी अटी घालूनच सौदा करता."

"बिलकुल! म्हणून तर सौदा टिकतो."

"मी गंगेत सूट ठेवली न्हाई. आता कसली सूट?"

"मग आता ठेव ना यार. गंगा काही कागद घेऊन बसली नाही."

मला पटलं न्हाई. म्हणजे थोडं पटलं, पण तेरा जणांसमोर सोडलंय. रामकिसन फुलकोबी सोडून ताठ मानेनं फिरणार आन मी साखर पिणार? शेठनं दोघांना चहा मागवला, माझा फिक्का. दैवशाला वेलची न्यायला आल्ती, तिला बसंतीभाभीनं पेढा दिला. तिनं तो पदराला बांधला. घरी येऊन शेजारच्या पोरीला दिला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

जालन्याला. बाईंनी वही वाचायला घेतली. पहिली पानं वाचून इतक्या मोठ्यानं हसल्या की बाहेरची नर्स डोकावली. बारा तारखेचं पान आलं तेव्हा हसणं थांबलं. तीनदा वाचलं त्यांनी.

"भागवतराव, याच वेळी तुमच्यासमोर कढई असती तर?"

मी वही मिटायला हात पुढं केला.

इंजेक्शन कमी केलं. गोड सोडल्यावरच कमी करायला पाहिजे व्हतं म्हणे, माघापासून सोडलं, ते काशीचं मी सांगितलंच न्हाई त्यांना. मला वाटलं, ही देवाची गोष्ट, डॉक्टरला काय सांगायची. आता हुकूम असा: इंजेक्शन घेतलं की अर्ध्या तासात घरचा डबा खायचा, पंगतीची वाट बघायची न्हाई. शंभरच्या खाली कढईसमोर जायचं न्हाई. नुसता आकडा न्हाई, बाण बी बघायचा. दैवशालानं संगं राहायचं. एवढं पाळलं तर नेहलची बुंदी माझी! मी उठून नमस्कारच केला.

ग्लुकोजची पुडी बी दिली. मी म्हणलं, हे गोड हाय. बाई म्हणल्या, औषध आहे. मी म्हणलं, औषध कडू असतं. त्यांनी ती पुडी दैवशालाच्या हातात दिली.

परत येताना एसटीत ते बारा तारखेचं पान मी पुन्हा वाचलं. भ्या वाटलं. अक्षर माझं आन माणूस दुसराच. हे इथं लिहून ठेवतो, तोंडानं कुणाला सांगणार न्हाई.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सात दिवस सत्तरच्या खाली एकदाही न्हाई. १२०, १४०, ११०. साडेसातला डबा खातो. पहिल्या दिवशी घास उतरंना, कचरू महाराज समोर उभे राह्यले असं वाटलं. मनात म्हणलं, महाराज, हे पंगतीचं अन्न न्हाई, घरची भाकरी हाय. मंग उतरला.

दैवशाला म्हणते, "आठ दिवस झाले तुम्ही कुणावर वरडला न्हाई. तब्येत बरी हाय ना?"

काल मंठ्यातच एका बारशाला बुंदी केली. एकदम बराबर तार. पण लोक पानात टाकून उठून राह्यले. दिवाळीपासून हे बघतो. आजकालच्या लोकांचे दातच कमजोर. यजमानीण म्हणली, "छान झाली हो, खुटखुटीत!" दैवशालाला म्हणलं, तू खाऊन बघ. ती म्हणली, पोट भरलंय.

गुरुवार, ४ डिसेंबर, सकाळी

काल लिहिलं न्हाई. काल बुंदीचा दिवस व्हता. जे मला आठवतं ते मी लिहितो, बाकीचं दैवशाला सांगून राह्यली ते लिहितो.

सातला इंजेक्शन. साडेसातला मंगल कार्यालयाच्या मागं, मांडवात, डबा उघडला. दोन घास खाल्ले आन निरोप आला, भट्टी पेटंना. उठलो. भट्टी पेटली तर बेसन जाड दळलेलं निघालं, चाळून घेतलं. डबा तसाच उघडा राह्यला. दैवशालानं लांबून विचारलं, जेवलात का? मी म्हणलं, हो. हे खोटं. दोन घास म्हणजे जेवण न्हाई, ते मला तेव्हा बी माहिती व्हतं.

नवाला मोबाईल बघितला: १२८. झकास! बाण खाली व्हता. आकडा बघितला, बाण बघितला न्हाई. कढईसमोर उभा राह्यलो. पाक उतरवून बाजूला ठेवला, तूप तापलं, झारा हातात आला. काय सांगू! महिनाभर याच्यासाठी जीव टांगणीला लागल्ता. पहिला घाणा पडला तेव्हा बुंदी अशी टपटप तुपात उतरली की मी मोठ्यानं हसलो. नेहल मेंदीचे हात घेऊन बघायला आल्ती. म्हणली, "काका, माझ्या जन्माची पण अशीच केली होती ना?" माझा ऊर भरून आला.

सव्वादहाच्या पुढं पिशवीत मोबाईल बोंबलला. बघितलं, ६८. समोर तुपात घाणा पडलेला. म्हणलं, हा घाणा काढतो आन मंग बाजूला व्हतो. हे माझं शेवटचं आठवणं.

पुढचं दैवशालाचं. ती बायकांत बसून बुंदीत टाकायचा मगज निवडत व्हती. तिनं बघितलं तर मी झारा तुपात न बुडवता हवेतच हलवून राह्यल्तो, आन बुंदीला म्हणत व्हतो, "रांगेत बसा, रांगेत!" मंग मी कढईच्या काठाकडं हात नेला, टेकायला. तिनं मागून सदरा धरून असा ओढला की सगळ्या गुंड्या तुटल्या. मला बेसनाच्या रिकाम्या पोत्यावर बसवलं. भट्टी बंद करायला सांगितली. पुडी घरी राह्यल्ती, पर्समध्ये. पाक निवून बाजूला व्हता, तिनं वाटीभर घेतला, पाणी घातलं, माझ्या तोंडाला लावला. मी दात आवळले. "काशी" म्हणलो. सगळा मांडव गोळा झाला. शेठ पळत आला, "अरे आगार, भागवत, आगार!" करून राह्यल्ता. मी मान हलवत व्हतो.

आता इथून मला थोडं आठवतं. दैवशाला माझ्यासमोर मांडी घालून बसली. वाटी स्वतःच्या तोंडाला लावली आन घोटभर पाक प्यायली.

"मी बी सोडल्तं," ती म्हणली. "तुमच्या मागंच उभी व्हते पाण्यात. तुम्ही सोडलं म्हणून मी बी सोडलं. दहा महिने गोडाचं बोट लावलं न्हाई. आता मोडलं, सगळ्यांसमोर. तुम्ही एकट्यानं सोवळं राहून काय करता? मला विधवा करून पुण्य कमावता का? प्या."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी व्हतं आन आवाज मात्र भांडणाचा. मी प्यायलो. सगळी वाटी प्यायलो. गोड इतकं गोड असतं हे मी विसरूनच गेल्तो.

दहा-पंधरा मिनिटांत माणसात आलो. मोबाईल अजून ६१ च दाखवून राह्यल्ता, त्याचा आकडा जरा मागून येतो. बोट टोचून बघितलं तर ८८. तेवढ्यात साधनाचा फोन, दैवशाला म्हणली, "घेतलं गं, प्यायले."  मंग मला भाकरी दिली, तिच्यासमोर सगळी खाल्ली.

मी उठायला लागलो तर तिनं खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. म्हणली, "पाक पुढं गेलाय तुमचा."

"काय?"

"पाक. कडक झालाय. बुंदी अशानं दगड व्हईल."

"तार बराबर व्हती!"

"बोटाला बराबर असंल. जिभेला न्हाई. दिवाळीपासून लोक पानात टाकून राह्यले ते उगाच का? मी चाखतच नव्हते, मला तरी कसं कळावं!"

तिनं पाकात पाणी घातलं, पुन्हा चढवला, उतरवला, चाखला. पदर खोचला. झारा घेतला. पस्तीस वर्षं ती माझ्या शेजारी बसून बुंदी निवडते, झारा कधी धरला न्हाई, मी धरू दिला न्हाई. मी पोत्यावर बसून "हात वर, हात वर" करून राह्यलो. चौथ्या घाण्याला तिनं मला गप बसायला सांगितलं. तिचा हात माझ्यापेक्षा हलका हाय. हे लिहायला मला जड जाऊन राह्यलं, पण हाय.

शनिवार, ६ डिसेंबर

लग्न झालं. एका पानात बुंदी उरली न्हाई. लोक वाटीवर वाटी मागून राह्यले. शेठच्या व्याह्यानं मला मिठी मारली, "भागवतराव, अशी बुंदी खाल्ली नाही!" म्हणला.

मी लगेच खरं सांगितलं न्हाई. दोन पंगती मान हलवून तारीफ घेतली. दैवशाला समोरच वाढून राह्यल्ती. तिसऱ्या पंगतीला राहवलं न्हाई. मी उभा राह्यलो आन वरडलो, "बुंदी माझी न्हाई, हिची हाय! माझा पाक पुढं गेल्ता!" सगळे बघायला लागले. दैवशालानं वाढायचं भांडं खाली ठेवलं आन ती आत पळाली. बसंतीभाभीनं तिला हाताला धरून परत आणलं आन नेहलच्या शेजारी पाटावर बसवलं. त्या पंगतीत शेठनं आम्हा दोघांना आपल्या हातानं वाढलं.

घरी आल्यावर देवापुढं बसलो. म्हणलं, गोड सोडलं ते सोडलंच, पण सत्तरच्या खाली जे गोड ते औषध. ही सूट आजपासून. दैवशालाला म्हणलं, तू बी बोल. ती म्हणली, "माझं मोडलं ते मोडलं. आता कुणीतरी चाखायला पाहिजे का न्हाई?" आन एक लाडू सगळा खाल्ला, माझ्यासमोर बसून, दाताखालचा मगज चघळत. मला लई बरं वाटलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

जालन्याला जाऊन बाईंना सगळं सांगितलं. दोन घासांचं, खोटं बोलल्याचं, बाणाचं, एका घाण्याचं. त्या ओरडतील असं वाटलं व्हतं. ओरडल्या न्हाईत. म्हणल्या, तीन महिने कढईसमोर उभं राहायचं न्हाई. बसून जे करायचं ते करा. तीन महिने एकदाही सत्तरच्या खाली गेलं न्हाई, तर बघू. दंडाला नवं बटण लावलं. मी हो म्हणलो. एसटीत खिडकीशी बसलो आन मंठा येईपर्यंत तोंड तिकडंच ठेवलं. पस्तीस वर्षं उभा राह्यलो तिथं, सोपं न्हाई ते.

घरी पोचलो न्हाई तर फोन वाजला. टेंभुर्णीहून कुणी सर्जेराव बोलत व्हते. फेब्रुवारीत पोरीचं लग्न. "नेहलच्या लग्नात जेवलो," म्हणले. "त्या बुंदीचा आचारी पाहिजे. आहेत का ते?"

मी फोनकडं बघितलं. दैवशाला वेलची सोलत बसल्ती. पस्तीस वर्षांत "भागवत आचारी बोलून राह्यलो" असं मी किती वेळा म्हणलो असंल, त्याची गणती न्हाई. तोंडावर आलंच व्हतं. मी गिळलं आन फोन तिच्याकडं दिला.

तिनं हात पुसले. आधी घाबरून माझ्याकडं बघितलं. मंग घसा साफ केला.

"बोला," म्हणली. "आचारी बोलून राह्यले."

किती पानं, मांडव कुठं, भट्टी कसली, पाणी कुठून, तूप कोणतं, सगळं विचारलं. मी कधी विचारलं न्हाई असं बी दोन-चार विचारलं. शेवटी म्हणली, "आन एक सांगते, दादा. माझ्यासंगं एक म्हातारा माणूस असतो. कामाचा हाय, पण त्याला आल्या आल्या जेवायला द्यावं लागतं. पंगतीच्या आधी. नुसता हो म्हणला तर ऐकू नका, जेवताना समोर बसून बघा."

तिकडून काय म्हणले ते मला ऐकू आलं न्हाई. ती मात्र माझ्याकडं बघून हसून राह्यल्ती.